जिन्यातल्या युक्त्या

कॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढायला, बसलेल्या माणसाचा डावा हात रिकामा दिसला की त्रिशला मगदूमचं डोकं फिरायचं. "उजव्या हातात माउस आहे, मग डावा काय हळदीकुंकवाला आलाय?" असं ती शिकाऊ पोरापोरींना भर ऑफिसात विचारायची. मेनू उघडून, त्यातलं चित्र शोधून, त्यावर क्लिक करणारा माणूस तिच्या लेखी शेजारच्या घरी जायला रिक्षा करणारा.

कुपवाडच्या एका बांधकाम सल्लागाराच्या ऑफिसात ती आणि तिचा नवरा सुकुमार, दोघंही ड्राफ्ट्समन. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, पण कामाची तऱ्हा अगदी उलट. त्रिशलाची बोटं कीबोर्डवर पडली की रेषा धावत सुटायच्या. सुकुमार मात्र कुठलीही कमांड देण्याआधी एस्केपचं बटण दोनदा दाबायचा. टक टक. मग थांबायचा. मग एक रेष.

"अहो, एकदा दाबलं की आधीचं सुटतं. दुसऱ्यांदा कशाला?"

"असू दे की. पाटी कोरी झालेली बरी."

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या टक टकवरून त्यांचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच. तेवढं सोडलं तर संसार सुखाचा होता. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली होती, भाड्याचं घर नीटनेटकं होतं, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचा घरचा जैन शिरस्ता असल्यामुळे ऑफिसातूनही त्यांना कुणी उशिरापर्यंत अडकवून ठेवत नसे.

त्रिशलाच्या हाताखालून शिकून गेलेली मुलं आता पुण्यापासून दुबईपर्यंत पसरली होती. त्यांच्यासाठी तिने मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. त्यावर रोज सकाळी ‘आजची युक्ती’ यायची. ‘स्पेसबार म्हणजेच एंटर. अंगठा तिथेच असतो, करंगळीला कशाला पळवायचं?’ किंवा ‘कोपरा गोल करणाऱ्या फिलेटची त्रिज्या शून्य ठेवा, दोन अर्धवट रेषा नेमक्या कोपऱ्यात जुळतात.’ किंवा ‘मिरर करण्याआधी मिररटेक्स्ट शून्यावर आहे ना बघा, नाहीतर नकाशात संडास उलटा लिहून येईल आणि गिऱ्हाईक त्याचा फोटो काढून गावभर फिरवेल.’ अलीकडे या युक्त्या जरा रंगायला लागल्या होत्या. दाखले यायचे, जुने किस्से यायचे. मॅडमना लिहायचा हात सापडला, असं मुलं म्हणायची.

या युक्त्या त्रिशला ऑफिसच्या जिन्यात लिहायची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्टचं नाव नाही. सुकुमार पुढे जाऊन मशीन चालू करायचा आणि त्रिशला मागून सावकाश यायची. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबून ती पर्समधून मोबाइल काढायची. येणारे जाणारे म्हणायचे, मॅडमची युक्ती चाललीय, आणि बाजूने निघून जायचे.

खरी गोष्ट अशी होती की तिचा उजवा गुडघा दुखत होता. जिना चढताना तर आतून कुणी पक्कड फिरवावी तसा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर मुळीच नाही. कारण गुडघ्याची गोष्ट बाहेर पडली असती तर घराची गोष्ट संपली असती.

ते घर अजून कागदावरही आलेलं नव्हतं. धामणी रस्त्याला त्यांचा एक प्लॉट होता, नांगरलेल्या रानासारखा मोकळा पडलेला. सांगलीच्या माणसाला घराबद्दल विचारा, तो आधी जोत्याची उंची सांगेल, मग खोल्या. महापुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं हे इथल्या पोराटोरांनाही तोंडपाठ. तेव्हा जोतं हवं छातीइतकं उंच, यावर दोघांचंही एकमत होतं. छातीइतकं जोतं म्हणजे दारात पायऱ्यांची रांग आली. आणि गुडघा दुखणाऱ्या बाईसाठी असं घर कुठला शहाणा नवरा बांधेल? म्हणून त्रिशला मूग गिळून बसली होती. एकदा घर उभं राहू दे, मग गुडघ्याचं बघू, असा तिचा हिशेब.

पण सुकुमार घराला हातच लावत नव्हता. ‘घर’ नावाची फाइल त्यांनी कधीची काढून ठेवली होती. तिच्यात प्लॉटची हद्द, फाटक, विहीर आणि भिंतींची बाहेरची चौकट, एवढंच. सुकुमार अधूनमधून ती उघडायचा, फाटकापाशी काहीतरी सुरू करायचा, मग टक टक, आणि उठून पाणी प्यायला जायचा. त्यातच गेल्या महिन्यात त्याने नवीन खूळ काढलं. विश्रामबागेत उंच इमारत होतेय, तिच्यात फ्लॅट घेऊ या.

"प्लॉट असताना फ्लॅट?" त्रिशलाने विचारलं.

"बरा पडतो. देखभाल नाही, काही नाही. लिफ्ट आहे."

"लिफ्टमधून कुठे जायचंय आपल्याला?"

यावर सुकुमारच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. त्रिशलाला मात्र ते लागलं. या माणसाला आपल्याबरोबर घर बांधायचंच नाही, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते काही केल्या जाईना.

आता मनगटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनेच घडवलं.

मनगटी म्हणजे मनगटाच्या जरा वर बांधायचा एक पट्टा. तिचं मूळ कृत्रिम हातात. हात गमावलेल्या माणसालाही बोट हलवावंसं वाटतं तेव्हा मेंदूकडून निरोप निघतोच. तो मज्जातंतूंतून दंडापर्यंत येतो आणि कातडीवर विजेची बारीकशी थरथर उठते. ती थरथर वाचून कृत्रिम बोटं हलवता येतात. हीच विद्या मग धडधाकट हातांसाठी वापरात आली. बोट बटणावर पडण्याच्या निमिषभर आधीच निरोप मनगटाशी पोचलेला असतो. पट्टा तो वाचतो, या माणसाने आजवर काय काय काढलंय ते त्याच्या आठवणीत असतंच, आणि दोन्ही जुळवून पुढची रेष पडद्यावर फिकट निळ्या रंगात आधीच उमटते. लोक तिला सावलीरेष म्हणू लागले. हवी असेल तर हात चालू ठेवायचा, रेष पक्की होते. नको असेल तर एस्केप.

यात एक गोम होती, ती बऱ्याच जणांना उशिरा कळली. एस्केप दाबून सोडलेली रेष पडद्यावरून जायची, पट्ट्याच्या आठवणीतून नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की काढलेली रेष एकदाच काढली जाते. पण माणूस जी रेष पुन्हा पुन्हा सुरू करून सोडतो, तिकडेच त्याच्या हाताची खरी ओढ असते. म्हणून पट्टा सोडलेलंही शिकत राहायचा आणि संधी मिळाली की ते पुढे करायचा. मिरजेत एका आर्किटेक्टची मनगटी त्याच्या बायकोने सहज चढवली, तर त्यांच्या बंगल्याच्या नकाशात सासूबाईंची खोली दहा ठिकाणी काढून दहा ठिकाणी सोडलेली निघाली. त्या घरात पुढे काय झालं ते मिरजेत कुणालाही विचारा. तेव्हापासून एक नियमच झाला, दात घासायचा ब्रश आणि मनगटी ज्याची त्याने वापरावी.

मनगटी आल्यावर त्रिशलाच्या युक्त्यांना तसा अर्थ उरला नव्हता. बटण दाबण्याआधीच काम होत असेल तर कुठलं बटण दाबावं हे कोण विचारणार? तरी ती युक्ती पाठवतच राहिली आणि मुलंही वाचतच राहिली.

त्या शनिवारी ऑफिसला सुटी होती. दुपारी सुकुमार विश्रामबागेला नमुन्याचा फ्लॅट बघायला गेला. तो गेला आणि मुजावर मिस्त्रींचा फोन आला. धामणी रस्त्याला अर्धी घरं यांनीच बांधलेली, भला माणूस.

"वहिनी, नकाशाचं काय झालं? सोमवारपर्यंत हातात मिळाला तर तुमचं धरतो. न्हाई तर जयसिंगपूरवाले लई मागं लागल्यात. त्यांच्याकडं गेलो की वरीसभर सुटका न्हाई बघा."

"सोमवारी देते," त्रिशला म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

एकटीने तर एकटीने. तिने संध्याकाळच्या भाकरी करून झाकून ठेवल्या आणि हॉलमधल्या मशीनपुढे बसली. दोघांच्या मनगट्या एकाच स्टँडवर चार्जिंगला असायच्या. आपली ओळखू यावी म्हणून तिने तिच्या मनगटीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, तो रोजच्या वापराने जवळपास पुसून गेलेला. हाताला आली ती तिने चढवली. पडद्यावर एक प्रश्न आला. तो असा होता: ‘हात नेहमीपेक्षा वेगळा वाटतो. तरीही पुढे जायचं?’ पण तो त्रिशलाने वाचलाच नाही. प्रश्न आला की अंगठ्याने स्पेसबार, ही तिची जन्माची सवय. तीच ती पोरांना शिकवत आली होती.

तिने ‘घर’ उघडलं. डावा हात कीबोर्डवर ठेवला. अजून काही दाबलंही नव्हतं, तोच फाटकापाशी एक निळी रेष उगवली.

त्रिशला बघत राहिली. तिला ओटा काढायचा होता, तिचा हात फाटकाकडे कशाला जाईल? रेष कुंपणाच्या कडेने निघाली, तिच्याबरोबर अंतर राखून दुसरी एक. दोघी मिळून एक वाट झाली. वाट विहिरीपाशी वळली, घराच्या मागून गेली, पुन्हा वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराला येऊन टेकली. तिने सवयीने मशीनला उंची विचारली. बारा फूट चालावं तेव्हा एक फूट वर, इतका मंद उतार. फाटकातून निघालेली वाट घराला वळसा घालत घालत छातीएवढ्या जोत्यावर चढत होती. पायरी एकही नव्हती.

मग तिला स्टँडवर राहिलेली दुसरी मनगटी दिसली. तिच्या कडेला लाल रंगाचा एक कण अजून शिल्लक होता.

हा सुकुमारचा हात होता.

तिने एस्केपवर बोट नेलं. दुसऱ्याच्या मनातलं न विचारता वाचू नये इतकं तिला कळत होतं. पण बोट तिथेच थांबलं आणि रेषा येत राहिल्या. स्वयंपाकघर आलं. ओट्याचं एक टोक खुर्चीच्या उंचीला उतरवलेलं, खाली पाय जायला मोकळी जागा. म्हणजे बसून भाजी चिरता येईल, बसून पोळ्या लाटता येतील. झोपायची खोली, न्हाणीघर, सगळं एका पातळीवर. उंबरे नाहीत. गच्चीचा जिना पार मागच्या कोपऱ्यात, कुणाला हवा असेल तर असावा म्हणून ठेवल्यासारखा.

त्रिशलाचे डोळे भरून आले. ज्या माणसाला घर नकोय असं ती महिनाभर धरून बसली होती, त्याने हे घर कितीदा तरी सुरू केलं होतं. आणि प्रत्येक वेळी टक टक करून पुसून टाकलं होतं. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर माया वाटली. दोन्ही एकदमच.

एक गोष्ट मात्र तिला उमगेना. चढाच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने छोटे चौकोन होते. तिथे वाट सपाट होत होती. लांब चढावर दमणाऱ्यासाठी सपाट टप्पा द्यायचा असतो हे तिला ठाऊक होतं, पण तो इतक्या लवकर लवकर कशाला?

सुकुमार ऊन कलायच्या सुमारास आला. चपला काढता काढता म्हणाला, "फ्लॅट बरा आहे. हॉल जरा अंधारा." मग त्याचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं, तिथून पडद्याकडे गेलं आणि तो दारातच उभा राहिला.

"ती माझी आहे."

"कळलं," त्रिशला म्हणाली. "चुकून घातली. मशीनने विचारलं होतं काहीतरी, मी वाचलं नाही, स्पेसबार दाबला."

"जन्मभर तेच करत आलीस." तो हसायला गेला, पण चोरी पकडल्यासारखा लाल झाला होता. "पुसून टाक ते. असंच आपलं काहीतरी."

"असंच? अहो, हे घर आहे! हे काढता येत होतं तर फ्लॅट कशाला बघत होता?"

"लिफ्ट होती."

त्रिशलाने मनगटी सोडली, त्याच्यापुढे धरली आणि जे वाक्य तिने कितीतरी दिवस दातांमागे ठेवलं होतं ते म्हणून टाकलं.

"माझा गुडघा दुखतो."

म्हणताना रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते काही आलं नाही. उलट डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवल्यागत झालं.

"हो," सुकुमार म्हणाला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू लपवत होतीस. मी रॅम्प काढला असता तर म्हणाली असतीस, मला काय म्हातारी समजलात? आठ दिवस घरात बोलणं बंद. म्हटलं, ती सांगेल तेव्हा काढू. तू सांगेनास. मग म्हटलं, जाऊ दे, फ्लॅट बघावा, त्यात कुणी कुणाला काही सांगायला नको."

त्याचं खोटं नव्हतं. ती नक्की तसंच म्हणाली असती. त्रिशलाने विषय बदलावा तसं पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे सपाट टप्पे इतके जवळ जवळ का?"

"तेवढ्यावर तुला थांबावं लागतं."

"मी कुठे थांबते?"

"जिन्यात. वळणावर."

"ते मी युक्ती लिहायला थांबते."

सुकुमारने मान हलवली. "पूर्वी युक्ती एका ओळीत मावायची. मी वर जाऊन मशीन चालू करेपर्यंत ती आलेली असायची, आणि मागोमाग तू. मग दोन ओळी झाल्या. मग दाखले आले. गेल्या पावसाळ्यात तू लेयरवर निबंध लिहिलास. पोरं वा वा करत होती, मॅडम काय लिहितात म्हणून. मी वर बसून वाचत होतो. वाचून संपला, तरी तू आली नव्हतीस." तो थांबला. "एवढं लिहायला जितका वेळ उभं राहावं लागेल, तितकं दुखतंय, असं मी धरत गेलो. टप्पे त्या मापाने काढलेत."

जगापासून लपवायला म्हणून तिने ज्या युक्त्या पाठवल्या, त्याच एक माणूस रोज वर बसून मापत होता. तिने पदराने डोळे पुसले आणि मग, ती त्रिशलाच असल्यामुळे, म्हणाली, "टप्पे सगळे सारखे कशाला? शेवटचा मोठा हवा. चढून आल्यावर जास्त दमायला होतं."

"बरं." सुकुमारने मनगटी चढवली, डावा हात कीबोर्डवर नेला. टक...

त्रिशलाने त्याचा हात वरच्यावर पकडला. "आता नको ते. आहे त्याच्यावरच काढा."

त्याने काढलं. फाटकापासूनची निळी रेष काळी होत होत पुढे सरकली. विहिरीच्या वळणावर बसायला कट्टा हवा की नको यावरून त्यांचं वाजलं, कट्टा राहिला. ओट्याच्या उतरत्या टोकाशी दुसरी खुर्ची मावली पाहिजे असं ती म्हणाली. दुसरी कुणासाठी, असं त्याने विचारलं. भाजी निवडायला कुणीतरी लागेल की नाही, असं उत्तर मिळालं. खिडकीच्या काचांवरून उन्हाची तिरीप निघून गेल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि झाकलेल्या भाकरी तशाच होत्या.

"दिवस बुडाला गं," सुकुमार म्हणाला.

"आता काय, उपास घडला," त्रिशला म्हणाली आणि फाइल सेव्ह केली. लग्न झाल्यापासून जेवणवेळ चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. भूक लागली होती, पण तिला वाईट वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मुजावर मिस्त्रींच्या मोबाइलवर नकाशा पोचला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला, "वहिनी, ह्या घराला पायऱ्याच न्हाईत, इसरलाय जणू!" त्रिशलाने त्यांना सगळं समजावलं, गुडघ्यासकट. मिस्त्री म्हणाले, आमच्या घरात बी तीच बोंब हाय, एक नकाशा आम्हाला बी द्या.

ऑफिसच्या दारात नेहमीप्रमाणे सुकुमार पुढे गेला. त्रिशला कठड्याला धरून पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत आली आणि सवयीने पर्समध्ये हात घातला. वळणावर भिंतीला लावून एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. ऑफिसातलं, पाण्याच्या टाकीखालचं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं आणि पटकन आत गेलं.

त्रिशला स्टुलावर बसली. बसून तिने मोबाइल उघडला. त्या दिवशी ग्रुपवर एवढंच आलं: ‘स्पेसबार म्हणजे एंटर. पण आधी प्रश्न वाचावा.’

लगेच दुबईहून एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘मॅडम, आज इतकी छोटी?’

त्रिशलाने उत्तर टाइप केलं, ‘आज बसून लिहिली,’ आणि मोबाइल पर्समध्ये टाकून ती आरामात बसून राहिली.